चार आत, सहा बाहेर

"हात सैल सोडा. मूठ उघडा. आता हे दर वीस मिनिटांनी आपोआप फुगणार," असं म्हणत रूथ सिस्टरांनी माझ्या डाव्या दंडाला काळा पट्टा घट्ट गुंडाळला. पट्ट्याची नळी त्यांनी मानेमागून घेऊन माझ्या कमरेला अडकवलेल्या बीपी मोजायच्या डबीत खोचली. "फुगायच्या आधी डबी एकदा वाजेल. वाजली की असाल तिथं थांबायचं. हात सरळ ठेवायचा, बोलायचं नाही. आणि श्वास रोखायचा नाही हं. रोखला की आकडा वर जातो."

"तिला काय सांगताय सिस्टर," बाकावरून अण्णा म्हणाला. "ती अख्ख्या विश्रामबागेला श्वास घ्यायला शिकवते. फक्त तिचं स्वतःचं बीपी एकशे चोपन्न आहे, एवढंच."

सिस्टर हसल्या. आई हसली नाही. मी हसल्यासारखं केलं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मिरजेचा दवाखाना, सकाळचे दहा, आणि बाकावर माझा थोरला भाऊ, जिनदत्त. मी त्याला अण्णा म्हणायची, आई जिनू म्हणायची. एके काळी पैलवानासारखा गडी होता तो, आता सदरा खांद्यावरून घसरायचा. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास मशीनवर पडून रक्त धुऊन घ्यायचं, आणि उरलेल्या दिवसांत पाणी पेल्यानं मोजून प्यायचं. किडन्या बीपीनं खाल्ल्या, असं डॉक्टर म्हणाले होते. गोळ्या वेळेवर घेतल्या नसाव्यात, असंही म्हणाले होते. त्यावर अण्णा गप्प बसला होता. मीही.

आईला साखर होती, म्हणून तिची किडनी चालत नव्हती. वहिनीचा रक्तगट जुळेना. राहिले मी. माझा गट जुळला, सोनोग्राफी चांगली आली, रक्त-लघवी सगळं चांगलं आलं. अडलं होतं ते एकाच ठिकाणी, बीपीवर. दवाखान्यात तीनदा मोजलं, तिन्ही वेळा दीडशेच्या वर. बीपी जास्त असलेल्या माणसाची किडनी काढत नाहीत.

"दवाखान्यात घाबरून पुष्कळांचं वाढतं," रूथ सिस्टर म्हणाल्या. "म्हणून ही डबी. चोवीस तास घरी राहा, रोजची कामं करा. उद्या दहाला या. सरासरी चांगली आली की डॉक्टर ऑपरेशनची तारीख देतील."

"आणि नाही आली तर?" मी विचारलं.

"येईल की," आई म्हणाली. "मी राहते आज तिच्याकडं."

खरं ते आता सांगून टाकते. पहिल्या वेळी माझं बीपी खरंच वाढलं होतं. त्या खोलीच्या वासानंच मी घाबरले. पट्टा काढताना सिस्टर म्हणाल्या, "ताई, श्वास रोखून धरला होतात तुम्ही. बीपीवाल्यांनी कधी रोखू नये." आता हे मला नवीन होतं का? माझ्या प्राणायामाच्या क्लासच्या भिंतीवर मीच लिहिलेलं होतं. पण त्या दिवशी ते ऐकलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मी मुद्दाम रोखला. पट्टा फुगायला लागला की श्वास छातीत कोंडायचा, पोट आवळायचं, मांड्या आवळायच्या आणि चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा ठेवायचा. एकशे अठ्ठावन्न. एकशे चोपन्न. सिस्टर हळहळायच्या.

मला किडनी द्यायची नव्हती. भीती वाटत होती. आपल्या अंगाला कापणार, आतलं काहीतरी काढून नेणार आणि ते परत कधी येणार नाही, हे मनातून जायचंच नाही. पण सख्खा भाऊ समोर सुकत चाललेला, आई तोंडाकडे बघणारी, वहिनी येताजाता माझ्या आवडीचं करून डबे पाठवणारी. नाही म्हणायला तोंड कसं उघडायचं? कुणी मला धरून ठेवलं नव्हतं, कुणी शब्दानं जोर केला नव्हता. तेच तर वाईट. जोर केला असता तर भांडता तरी आलं असतं.

मिरजेहून सांगलीला रिक्षानं निघालो. वानलेसवाडीपाशी डबी वाजली. पट्टा दंडाला आवळत गेला, बोटांना मुंग्या आल्या. मी खिडकीबाहेर बघत श्वास कोंडला. आई शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पट्ट्यातली हवा टप्प्याटप्प्यानं सुटली, तसा मीही हळूच सोडला.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

डबीवर आकडा दिसत नव्हता. मुद्दाम बंद ठेवतात, आकडा बघून माणूस आणखी घाबरतो म्हणून. म्हणजे मी रोखलेल्या श्वासाचा उपयोग होतोय का नाही, हेही मला कळणार नव्हतं.

आमची आई तेहतीस वर्षं तासगावकडच्या आरोग्य केंद्रात नर्सबाई होती. त्या भागातली किती पोरं तिच्या हातावर जन्मली याची गणती नाही. माझं बीपी चढं निघाल्यावर तिनं गेले तीन आठवडे माझ्याकडून सराव करून घेतला होता. अण्णाच्या घरून रोज सकाळी सहाला चालत यायची. मला चटईवर बसवायची, स्वतः मागं बसायची आणि उजवा तळवा माझ्या पाठीवर ठेवायची. "एक, दोन, तीन, चार. आता सोड. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, मध्ये रोखायचा नाही. असं पंधरा मिनिटं. मग ती आपलं जुनं पाऱ्याचं मशीन काढून मोजायची. घरी कधी एकशे बावीस, कधी एकशे अठरा. "बघ की, किती छान आलंय," ती म्हणायची. आणि आठवड्यानं दवाखान्यात एकशे अठ्ठावन्न.

त्यावर ती कधी काही बोलली नाही. तिला कळत नाही, असं मी धरून चालले होते. तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सबाईला कळत नाही म्हणे. माणसाला सोयीचं असलं की काय वाटेल ते खरं वाटतं.

घरी आलो. माझे मिस्टर फिरतीच्या नोकरीवर, त्या आठवड्यात लातूरला होते. घरात आम्ही दोघीच. वीस मिनिटं म्हणजे किती, हे मला त्या दिवशी समजलं. भाकरी थापायला घेतली की डबी वाजायची, परातीत हात तसाच ठेवून कोंडायचं. अंघोळीचं तर नावच नको, डबीला पाणी चालत नव्हतं. फोन, कपडे, झाडू, प्रत्येक कामाच्या मध्ये ती टिट् करून वाजायची आणि दंड आवळायची. वाजल्यावर एक मिनिट, आणि वाजायच्या आधीची एकोणीस मिनिटं वाट बघण्यात. बाराच्या सुमारास माझं डोकं ठणकायला लागलं.

तेवढ्यात नको तो विचार मनात आला. रात्रीचं काय? सिस्टर म्हणाल्या होत्या, रात्री तासाला एकदा फुगेल. झोपेत कसा रोखणार? सगळा दिवस दीडशे आणि झोपल्यावर एकशे दहा, असं निघालं तर? म्हणजे जागं राहायला पाहिजे. अंथरुणावर पडून, शेजारी आई, अंधारात डबीची वाट बघत सकाळपर्यंत. त्या विचारानंच मला रडू यायला लागलं. ज्यातून सुटायला ही वाट काढली होती, तीच दंडाला घट्ट बांधून मी घरात फिरत होते.

जेवणं झाली. तीनच्या सुमारास आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. फोन वाजला. हात मातीचे, म्हणून मी तो जमिनीवर ठेवून स्पीकरवर लावला. माझ्या क्लासला येणारे पडळकर सर होते, निवृत्त शिक्षक.

"मॅडम, गोड बातमी. आज बीपी मोजलं. एकशे अठरा, खाली शहात्तर. सगळी तुमच्या क्लासची कृपा."

"वा, छान की सर."

"तर आता विचारायचं होतं, गोळी बंद करू का?"

माझा हात मेथीच्या काडीवर तसाच राहिला. आई निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मॅडम? आवाज येतोय का?"

"येतोय. नाही सर. गोळी बंद करू नका."

"पण गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होता, श्वास हेच औषध."

"चुकीचं बोलले होते सर. श्वासानं मदत होते, आकडा थोडा उतरतो. पण गोळी घेताय म्हणून एकशे अठरा आहे. कमी-जास्त करायची ती डॉक्टरांना विचारून. तुम्ही आपल्या मनानं सोडायची नाही. मला वचन द्या."

सर जरा चकित झाले. "बरं बरं, घेतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

आईनं निवडलेली पानं टोपलीत टाकली. पुढची जुडी सोडली.

"एवढं जिनूला सांगितलं असतंस तर," ती म्हणाली.

चार वर्षं हे फक्त मला आणि अण्णालाच माहीत आहे असं मी समजत होते.

अण्णाला चाळिशीत बीपीची गोळी लागली होती. एकदा लागली की जन्माची, या विचारानं तो कावला होता. तेव्हा माझा क्लास नुकताच जोर धरत होता. अण्णा हौसेनं आला, तीन महिने मांडी घालून बसला. आकडा एकशे चाळीसवरून एकशे सव्वीसवर आला. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून त्यानं विचारलं होतं, "पदू, सोडून बघू का गं गोळी?" आणि मी काय म्हणावं? "बघ की सोडून. शरीर आपलं आपण सांभाळतं अण्णा, गोळ्यांनी ते आळशी होतं." असं मी कुठंतरी ऐकलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. नंतर त्याचा क्लास सुटला, गोळी सुटलेलीच राहिली. बीपी दुखत नाही, खुपत नाही. आई मला विचारायची, "घेतो ना गं तो गोळ्या?" आणि मी म्हणायची, "घेतो की."

"तुला कुणी सांगितलं?" मी आईला विचारलं.

"कपाटात अकरा पाकिटं सापडली त्याच्या. एक गोळी फोडलेली नाही. मी खोदून विचारलं तेव्हा बोलला. आणि म्हणाला, पदूला काही बोलू नकोस, तिच्या क्लासला लोक येतात."

"कधी?"

"मशीनवर गेला त्याच महिन्यात."

म्हणजे दीड वर्ष. दीड वर्ष दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि दोघं माझ्यासमोर हसून बोलत होते. मला आई-भावाचा संताप आला. खरं सांगते, पहिल्यांदा संतापच आला. लाज मागून आली.

आणि तेवढ्यात डबी वाजली.

पट्टा आवळायला लागला. मी सवयीनं श्वास कोंडला, पोट आवळलं. आईनं मांडीवरची मेथी खाली ठेवली, सरकत माझ्या मागं आली आणि उजवा तळवा पाठीवर ठेवला.

"सोड," ती म्हणाली.

मी सोडला नाही.

"पदू, मी तेहतीस वर्षं बायकांच्या पाठीवर हात ठेवून सांगत आले, आता दम धर, आता सोड. पाठीवर हात ठेवला की मला कळतं आत काय चाललंय. दवाखान्यात मी तुझ्या मागं उभी असते ना? तिसऱ्या वेळी हात ठेवला होता मी तुझ्या पाठीवर. दगड झाली होती पाठ. सोड आता."

श्वास सुटला तो हुंदका होऊनच सुटला. पट्टा ढिला पडला, डबीनं काय नोंदवलं कोण जाणे. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडत राहिले. ती केसांवरून हात फिरवत नव्हती, काही नाही. तळवा पाठीवर, एवढंच.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? मला तुझी किडनी पाहिजेच आहे. खोटं कशाला बोलू? माझा मुलगा आहे तो. तो माझ्या आधी जायला नको, एवढंच मला सुचतं सकाळ-संध्याकाळ. म्हणून रोज येऊन तुझ्या मागं बसत होते. वाटायचं, आज सोडेल, उद्या सोडेल." मग म्हणाली, "पण अशी कोंडून बसशील तर उद्या तुझ्याही किडन्या जातील. नाही म्हणायचं असेल तर तोंडानं म्हण. श्वासानं नको म्हणू."

"आणि नाही म्हटलं तर? माझ्याशी बोलशील तू?"

ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता.

"थोडे दिवस नाही बोलणार," ती म्हणाली. "मग बोलेन."

पुढची वीस मिनिटं आम्ही मेथी निवडली. डबी वाजली. आई मागं बसलेलीच होती. एक, दोन, तीन, चार. सोड. संध्याकाळपर्यंत प्रत्येक वेळी मी तसाच श्वास घेतला. रात्री झोपले, आणि डबी कधी वाजली ते मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला रूथ सिस्टरांनी डबी संगणकाला जोडली आणि कागद छापून काढला. त्या कागदावर वेळ आणि आकडा एकाखाली एक येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकशे चोपन्न, एकशे अठ्ठेचाळीस, एकशे छप्पन्न, अशी रांग तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत. त्याच्या खाली एकशे चोवीस, एकशे अठरा, एकशे सोळा, आणि तिथून सकाळपर्यंत खालीच.

"साडेतीनला काय झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"मेथी निवडली," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, कागद घेतला आणि मला एकटीलाच डॉ. हेर्लेकरांच्या खोलीत नेलं. आईला आणि अण्णाला बाहेर बसवलं. डॉक्टर बराच वेळ कागद बघत होते.

"तुमचं बीपी चांगलं आहे," ते म्हणाले. "किडनी देता येईल. पण देणाऱ्याला आम्ही एकट्याला बोलावून एक प्रश्न विचारतोच. तुमच्या मनात आहे का द्यायचं?"

मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"नसेल तर नुसतं सांगा. मी बीपीचं कारण देईन. वरचे सगळे आकडे आहेतच कागदावर. बाहेर कुणाला काही कळणार नाही."

तीन आठवडे जी वाट मी चोरून खणत होते, तीच त्यांनी दार उघडून समोर ठेवली. हो म्हटलं असतं तर सुटले असते. अण्णा म्हणाला असता, जाऊ दे पदू, तुझं नशीब नाही. आणि मी पुढची सगळी वर्षं बीपीवाली बाई म्हणून जगले असते.

"मनात नाही," मी म्हणाले. "पण बीपीचं नका लिहू. मी सांगते बाहेर."

बाकावर अण्णा बसला होता. आई त्याच्या पलीकडे. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"अण्णा, माझं बीपी चांगलं आहे. मी दवाखान्यात श्वास कोंडून धरत होते. मला किडनी द्यायची नाही. मला फार भीती वाटते."

त्याचा चेहरा उतरला. तो लगेच काही सांभाळून घेईल, थट्टा करेल, असं मला वाटलं होतं. काही केलं नाही त्यानं. उठला, नळावर जाऊन नुसती चूळ भरली, परत येऊन बसला. पाणी प्यायची सोय नव्हती त्याला.

"हे सांगायला तीन आठवडे लागले तुला?" तो म्हणाला.

"चार वर्षं लागली. गोळीचं काल आई बोलली माझ्याशी. मीच तुला सोडायला सांगितली."

"गोळी मी सोडली. मला सोडायचीच होती. तू नुसतं निमित्त."

"खोटं बोलतोस."

"हो," अण्णा म्हणाला. "थोडं."

आई दोन महिने माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी सहाला येऊन चटईवर बसली.

अण्णाचं नाव प्रतीक्षा यादीत गेलं. नंबर लागला नाही. तो पुढे साडेचार वर्षं मशीनवर जगला. आठवड्यातले दोन दिवस वहिनी त्याच्याबरोबर जायची, शनिवारी मी. चार तास खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसायची. तिथंही त्याच्या दंडाला तसाच पट्टा असायचा, दर अर्ध्या तासानं फुगायचा. पहिल्याच शनिवारी पट्टा फुगायला लागला तशी त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाल टम्म फुगवले, डोळे बटाट्याएवढे करून श्वास कोंडून धरला. आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे पेशंट बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सोड अण्णा," मी म्हणाले. "आकडा वर जातो."

त्यानं फुस्सकन सोडला आणि हसला. त्यानंतर प्रत्येक शनिवारी, प्रत्येक वेळी पट्टा फुगला की तो हेच करायचा. मला माफ केलं होतं का शिक्षा देत होता, मी कधी विचारलं नाही. दोन्ही असावं. मी दर वेळी सोड म्हणायची आणि मग आम्ही दोघं मिळून मोजायचो, चार आत, सहा बाहेर.

शेवटच्या शनिवारी पट्टा फुगला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. गाल फुगवायचं त्राण नव्हतं त्याच्यात. मी तरीही त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "सोड."

"धरलाच नाही गं," अण्णा म्हणाला.